ख्रिस्ती विद्यापीठाचे ध्येय आणि वसईचा वारसा

ख्रिस्ती विद्यापीठ असावे की नसावे, हा वाद आपल्याकडे फारसा होत नाही. परंतु असे विद्यापीठ कशासाठी असावे, हा प्रश्न जितका विचारला जावा तितका विचारला जात नाही, हेही खरे आहे. इमारत उभी राहते, पाटी लागते, पदव्या मिळू लागतात, आणि ध्येय मात्र माहितीपुस्तकाच्या पहिल्या पानावर राहून जाते. आजच्या भाषणात या ध्येयाचाच विचार करावयाचा आहे. आणि तो वसईच्या भूमीवर उभे राहून करावयाचा आहे. कारण चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी ख्रिस्ती उच्च शिक्षणाचा एक मोठा प्रयत्न याच भूमीवर झाला, बहरला आणि लयास गेला. तो का लयास गेला हे ज्यास नीट उमगले, त्यास पुढे काय करावे हेही बरेचसे उमगेल.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. धर्म आणि विद्यापीठ या दोन गोष्टी परस्परांस परक्या आहेत, अशी कित्येक सुशिक्षितांची समजूत असते. इतिहास तसे सांगत नाही. पॅरिस आणि ऑक्सफर्ड येथील प्राचीन विद्यापीठे धर्मसंस्थेच्या छायेत वाढली. आपल्याकडील नालंदा हा बौद्ध भिक्षूंचा विहारच होता. विसाव्या शतकात पाहिले तर १९१६ साली काशीस हिंदु विद्यापीठ स्थापन झाले आणि १९२० साली अलीगढच्या महाविद्यालयास विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेव्हा धर्मश्रद्धेने प्रेरित झालेल्या समाजाने विद्यापीठ स्थापावे यात नवल काही नाही. प्रश्न आहे तो इतकाच, की श्रद्धेने विद्येला काय द्यावे आणि तिच्याकडून काय मागावे?

या प्रश्नाचा एकोणिसाव्या शतकात सर्वांत सूक्ष्म विचार जॉन हेन्री न्यूमन या इंग्रज पंडिताने केला. आयर्लंडच्या कॅथलिक धर्माध्यक्षांनी डब्लिन येथे विद्यापीठ काढण्याचे त्याच्यावर सोपविले. १८५२ साली त्याने आपली प्रसिद्ध व्याख्याने दिली आणि १८५४ साली विद्यापीठाचे द्वार उघडले. न्यूमनचा सिद्धान्त असा, की ज्ञान हे स्वतःच एक साध्य आहे. विद्यापीठ हे धर्मोपदेशाचे केंद्र नव्हे आणि केवळ धंदेशिक्षणाची शाळाही नव्हे. मात्र सर्व शास्त्रांच्या पंक्तीत ईश्वरविषयक शास्त्रालाही पाट मांडलेला असावा, एरवी ती पंक्ती अपुरी राहते. विचार उदात्त होता. परंतु त्या विद्यापीठास पदव्या देण्याची राजमान्य सनद मिळाली नाही, आणि न्यूमन काही वर्षांतच तेथून निघून गेला. त्या खटाटोपातून जोमाने टिकले ते त्याचे वैद्यकविद्यालय. ज्या शाखेची लोकांना रोजची गरज होती, ती शाखा लोकांनी जगविली. ही गोष्ट ध्यानात ठेवून आता वसईकडे वळावे.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांस दिली. त्यानंतर थोड्याच वर्षांत फ्रान्सिस्कन आणि येशूसंघीय धर्मगुरू येथे आले. येशूसंघीय म्हणजे ज्यांना लोक जेझुइट या नावाने ओळखतात ते. या संघाचा अग्रणी फ्रान्सिस झेवियर हा स्वतः पॅरिसच्या विद्यापीठात शिकलेला, आणि वसईस तो एकाहून अधिक वेळा येऊन गेला. १५४४ सालच्या आरंभी त्याने युरोपातील आपल्या बांधवांस जे पत्र धाडले, त्यात एक विलक्षण उद्गार आहे. त्याचा आशय असा, की युरोपातील विद्यापीठांत, विशेषतः पॅरिसच्या, वेड्यासारखे ओरडत फिरावे आणि ज्यांच्यापाशी विद्या पुष्कळ पण लोकांविषयी कळवळा थोडा, अशा पंडितांस जागे करावे, असे त्याच्या मनात वारंवार येई. ख्रिस्ती विद्यापीठाच्या ध्येयाचे बीज या एका तळमळीत आहे. विद्या ही स्वतःपुरती ठेवण्याची ठेव नसून तिचा जाब द्यावा लागतो, असे तो सांगत होता.

सोळाव्या शतकाच्या मध्यास वसईच्या कोटात येशूसंघाचे विद्यालय उभे राहिले. येशूच्या पवित्र नावास ते अर्पण केलेले होते. त्याच्या चर्चची कोरीव स्तंभांनी सजलेली दर्शनी भिंत आजही किल्ल्यात पाहावयास मिळते. अक्षरओळख, धर्मतत्त्वे आणि लॅटिन व्याकरण यांचे पाठ येथे होत. विद्यालयास राजसत्तेचा आश्रय तर होताच. परंतु त्या भग्न वास्तूतील थडग्यांवरचे लेख आणखी एक गोष्ट सांगतात. इझाबेल द आगियार नावाची एक विधवा १५९१ साली निवर्तली; या विद्यालयाची थोर साहाय्यकर्ती असे तिच्या शिळेवर कोरले आहे. फिलिपा द फोन्सेका नावाची दुसरी एक विधवा १६२८ साली वारली. तिने आपल्या हयातीतच आपले सर्वस्व तेथील चर्चला दिले होते. राजे आणि सुभेदार यांची नावे ग्रंथांत सापडतात, परंतु संस्थेच्या भिंतीत जिरलेला पैसा पुष्कळदा अशा बायाबापड्यांचा असतो.

या विद्येने वसईस दिलेला सर्वांत कीर्तिमान पुरुष म्हणजे गोन्सालो गार्सिया. पिता पोर्तुगीज, माता याच मुलखातील. जन्म १५५६ च्या सुमाराचा. येशूसंघीयांच्या छायेत तो शिकला, आणि लहान वयातच आपल्या गुरूंबरोबर जपानला गेला. तेथील भाषा त्याने अशी आत्मसात केली, की स्थानिक लोक त्याचे भाषण आवडीने ऐकत. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्याची उत्कट इच्छा होती. ती सफल झाली नाही. काही काळ त्याने व्यापार केला, नंतर मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात तो साधा बंधू म्हणून दाखल झाला, आणि १५९३ साली वकिलातीचा दुभाषी म्हणून पुन्हा जपानात गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे आणखी पंचवीस जणांसह त्याला क्रुसावर ठार करण्यात आले. १८६२ साली रोमने त्याला संतपद दिले, आणि आज वसईतील एक महाविद्यालय त्याचे नाव धारण करते.

श्रोतेहो, या चरित्रातील एक दुवा विचार करण्याजोगा आहे. ज्या गुरुजनांनी या मुलाला शिकविले, त्यांच्याच पंक्तीत त्याला बसता आले नाही. शिष्य म्हणून तो चालला, सहकारी म्हणून चालला नाही. विद्यादान करणाऱ्या संस्थेचा खरा कस येथे लागतो. गावच्या मुलाला शिकविणे हे दान झाले. तोच मुलगा पुढे गुरूच्या आसनावर बसेल असे मानून शिकविणे ही खरी श्रद्धा. पहिली गोष्ट वसईच्या त्या जुन्या विद्यालयाने पुष्कळ केली, दुसरी फार थोडी.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसई घेतली. मराठ्यांच्या या पराक्रमाची कथा महाराष्ट्रास मुखोद्गत आहे. येथे तिची फक्त एक बाजू पाहावयाची आहे. किल्ला पडला, पोर्तुगीज निघून गेले, त्यांच्याबरोबर युरोपीय धर्मगुरू गेले, आणि विद्यालय संपले. दोन शतकांच्या आसपास चाललेली संस्था एका मोसमात नाहीशी झाली. परंतु तिच्या बरोबर वसईतील ख्रिस्ती समाज नाहीसा झाला काय? मुळीच नाही. तहाने मागे राहिलेल्यांना आपला धर्म पाळण्याची मुभा होती. देशी धर्मगुरूंच्या साहाय्याने निर्मळ, नंदाखाल, आगाशी, पापडी, सांडोर या गावांतील वाडीवाल्यांनी आपली श्रद्धा, आपली लग्नगीते, आपला शेतीचा शिरस्ता आणि आपली बोली टिकवून धरली. जे कोटाच्या तटावर टेकले होते ते तटाबरोबर कोसळले; जे गावाच्या मातीत रुजले होते ते राहिले. ख्रिस्ती विद्यापीठाच्या कोणाही पुरस्कर्त्याने हे वाक्य आपल्या दारावर लिहून ठेवावे.

भाषेचा प्रश्न याच प्रश्नाचे दुसरे अंग होय. १५७९ साली गोव्यास आलेला इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स याने मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले, आणि ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. परदेशातून आलेला पंडित येथल्या भाषेपुढे नम्र झाला, तर किती मोठे कार्य होऊ शकते, याचा हा चिरंतन दाखला आहे. परंतु पुढे राज्यकर्त्यांचे धोरण फिरले. १६८४ साली गोव्यात देशी भाषा मोडून पोर्तुगीज रूढ करण्याचा हुकूम निघाला. ज्या दिवशी सत्तेची भाषा हीच विद्येची भाषा ठरली, त्या दिवशी स्टीफन्सचा मार्ग बुजला.

तो मार्ग पुन्हा उघडला तो दूर बंगालात. हुगळीच्या काठी श्रीरामपूर येथे, डेन्मार्कच्या अंमलाखालील वसाहतीत, विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या तिघा मिशनऱ्यांनी १८१८ साली महाविद्यालय स्थापिले. १८२७ साली डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने त्यास पदव्या देण्याची सनद दिली. म्हणजे मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथील विद्यापीठे १८५७ साली निघण्यापूर्वी तीस वर्षे हा अधिकार एका ख्रिस्ती संस्थेच्या हाती आला होता. याच केरीने १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठीचा कोश छापून काढला. या कामी त्याला वैजनाथ पंडितांचे साहाय्य झाले. श्रीरामपूरच्या महाविद्यालयाचे द्वार ख्रिस्तीतर विद्यार्थ्यांसही उघडे होते, आणि तेथे संस्कृतासारख्या पौर्वात्य विद्या व पाश्चात्य शास्त्रे शेजारी शेजारी शिकवावयाची होती. सनद हाती असूनही धर्मशास्त्राच्या पहिल्या पदव्या तेथून १९१५ साली दिल्या गेल्या. दीर्घकालीन आकांक्षा म्हणजे काय, हे या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या अंतरावरून समजावे.

आता मुंबईस यावे. १८२९ साली स्कॉटलंडहून आलेल्या डॉ. जॉन विल्सन यांनी मराठी शिकून घेतली, आणि १८३२ साली जी शाळा काढली तिचेच पुढे विल्सन महाविद्यालय झाले. येथे एक कटू प्रकरण टाळून चालणार नाही. १८३९ साली त्यांच्या शाळेतील दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मुंबईत मोठा क्षोभ झाला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि बहुसंख्य मुले शाळा सोडून गेली. पालकांचा आक्षेप सरळ होता: आम्ही मुले विद्येसाठी धाडली, धर्मांतरासाठी नव्हे. विल्सन यांची श्रद्धा प्रामाणिक होती आणि त्या तरुणांचा निर्णयही त्यांचा स्वतःचा होता. तथापि विश्वासाचा जो तंतू शाळा आणि समाज यांच्यामध्ये असतो, तो त्या वर्षी तुटला, हे नाकारण्यात अर्थ नाही. तो पुन्हा जोडला गेला तो वादविवादाने नव्हे. वर्षानुवर्षे उत्तम शिकवून, गिरनारच्या अशोकलेखासारख्या विषयांचा व्यासंग करून, या देशाच्या विद्येस आपली विद्या मानून डॉ. विल्सन यांनी तो जोडला. १८६८ साली ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्या शहराने एकदा त्यांची शाळा ओस पाडली होती, त्याच शहराच्या विद्यापीठाची धुरा त्यांच्या खांद्यावर आली.

१८६९ साली येशूसंघाने मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालय काढले. या खेपेस पाठीशी कोट नव्हता, राजाची तोफ नव्हती. फादर ब्लॅटर यांनी पश्चिम भारताच्या वनस्पतींचा अभ्यास केला. त्यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतो. १९२२ साली स्पेनहून आलेले फादर हेरास यांनी १९२६ साली भारतीय इतिहासाच्या संशोधनाची संस्था उभारली, आणि हजारो हिंदु, पारशी, मुसलमान विद्यार्थ्यांना आपल्याच देशाचा भूतकाळ पुराव्यानिशी वाचावयास शिकविले. वसईच्या कोटातील विद्यालय आणि धोबीतलावावरील हे महाविद्यालय एकाच संघाची; परंतु पहिले राज्याबरोबर आले आणि राज्याबरोबर गेले, दुसरे ब्रिटिश राज्य गेल्यावरही राहिले आणि २०१० साली स्वायत्त झाले. भेद श्रद्धेत नव्हता. संस्था कोणाच्या आधारावर उभी आहे, यात होता.

आपल्या महाराष्ट्रात कायद्याने विद्यापीठाचा दर्जा पावलेली एक ख्रिस्ती संस्था आहे, हे कित्येक श्रोत्यांस ठाऊक नसेल. पुण्याच्या औंध भागातील स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठ ते हेच. १९१५ साली दक्षिणेत कोइमतूर येथे सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथाने एक लहानशी प्रशिक्षणशाळा काढली. ती पुढे बंगळुरास आणि त्यानंतर पुण्यास आली, आणि २०१४ च्या राज्याच्या कायद्याने तिचे विद्यापीठ झाले. म्हणजे शाळेचे विद्यापीठ व्हावयास जवळजवळ शंभर वर्षे लागली. शरीर, बुद्धी आणि आत्मा या तिन्हींचा एकत्र विकास हे तिचे घोषित ध्येय. विद्यार्थ्याने शिकता शिकता हातांनी काम करावे, आणि त्या कमाईतून शिक्षणाचा काही भार उचलावा, ही तिची जुनी परंपरा. पुणेकरांस या संस्थेचा पाव आणि बेकरीचा माल तिच्या तत्त्वज्ञानापेक्षा अधिक परिचित आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. ज्या देशात लेखणी धरणारा हात कुदळ धरणाऱ्या हातास शतकानुशतके हलका लेखीत आला, तेथे पीठ मळणाऱ्या पदवीधराचे दर्शन हाच एक धडा आहे.

अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथील उदाहरण याहून वेगळे. अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली तेथे महाविद्यालय स्थापन केले. देश स्वतंत्र होत होता, परदेशी मिशनऱ्यांचा काळ सरत होता, आणि दुष्काळी मुलखातील मुलास पदवीसाठी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागत होती. अशा वेळी एका मराठी ख्रिस्ती माणसाने ही जबाबदारी आपली मानली. पुढे त्या संस्थेने ग्रामीण जीवनाच्या अभ्यासास आणि समाजकार्याच्या शिक्षणास आपल्या कार्यात मानाचे स्थान दिले. गोन्सालो गार्सियाला जे आसन मिळाले नव्हते, त्यावर येथे या मातीचा माणूस बसला होता.

आपल्या राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्य समाजांस आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा अधिकार दिला आहे. गेल्या वीस वर्षांत बंगळूर, कोलकाता, शिलाँग, गुवाहाटी येथे ख्रिस्ती संस्थांना निरनिराळ्या मार्गांनी विद्यापीठाचा दर्जा मिळाला. २०१७ साली कोलकात्यास सेंट झेवियर्स विद्यापीठ झाले; २०२२ साली बंगळूरच्या सेंट जोसेफ महाविद्यालयाचे विद्यापीठ झाले. परंतु अधिकार ही परवानगी आहे, ध्येय नव्हे. कायदा एवढेच सांगतो, की तुम्हांस दार उघडता येईल. आत कोणाला बोलवावयाचे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते.

वसईत आज असे विद्यापीठ नाही. येथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. परंतु त्याची पूर्वतयारी येथे जितकी झाली आहे, तितकी महाराष्ट्रातील फार थोड्या ठिकाणी झाली असेल. गावोगावच्या चर्चने शाळा चालविल्या, आणि त्यांतील पुष्कळ मराठीतून चालविल्या. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे हे याच मातीतले, आणि त्यांनी विद्यावाचस्पती पदवीसाठी प्रबंध लिहिला तो तुकारामांच्या ईश्वरानुभवावर. ‘सुवार्ता’ मासिकाने मराठी ख्रिस्ती साहित्यास घर दिले. त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबलचे सुबोध मराठी रूपांतर केले, वसईचा हरित पट्टा वाचविण्यासाठी आंदोलन केले, आणि २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. २०२४ साली ते निवर्तले. स्टीफन्सचा बुजलेला मार्ग वसईच्या माणसांनी आपल्या पायांनी पुन्हा मळविला, असे म्हणण्यास हरकत नाही.

मग अशा भूमीत ख्रिस्ती विद्यापीठ झालेच, तर त्याने कशाचा ध्यास घ्यावा? तीन गोष्टी सुचविता येतील.

पहिली गोष्ट येथील भूमी आणि पाणी. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर भरली. जेथे राजेळी केळीच्या बागा, पानवेली, फुले आणि भाजीचे मळे होते, तेथे इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. बावखले बुजली, विहिरींत खारे पाणी शिरले, पिण्याचे पाणी दूर सूर्या नदीच्या धरणावरून आणावे लागले, आणि पावसाळ्यात वस्त्या पाण्याखाली जाऊ लागल्या. खारे पाणी गोड्या पाण्याच्या थरात कसे व किती शिरते, ओढे-खाड्यांच्या वाटा कोठे अडल्या, हे मोजणारी प्रयोगशाळा येथे नसेल तर कोठे असावी? सृष्टी ही माणसाच्या हाती सोपविलेली ठेव आहे, असे ख्रिस्ती धर्म सांगतो. ही शिकवण प्रवचनात राहिली तर ती भावना. ती विहिरीच्या पाण्याच्या नोंदवहीत उतरली तर विद्या.

दुसरी गोष्ट येथील माणसे आणि त्यांची भाषा. वसईच्या पट्टीत सामवेदी बोली आहे, जिला कादोडी असेही म्हणतात. वाडवळी आहे, कोळ्यांची बोली आहे. पूर्वेच्या डोंगरात वारल्यांची भाषा आहे. आणि आगगाडीने येऊन स्थायिक झालेल्यांच्या कितीतरी भाषा आहेत. ज्या विद्यापीठात या बोलींचा कोश होणार नाही, ज्यात वारली मुलगा संकोच न करता प्रवेश घेणार नाही, ते वसईत असून वसईचे होणार नाही. इंग्रजी टाळावी असे कोणी म्हणत नाही. जगाच्या ज्ञानाची ती किल्ली आहे. परंतु महर्षी कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले तेव्हा मराठीतून उच्च शिक्षण देऊन दाखविले, हे विसरू नये. त्या काळी जे साधले ते आज अशक्य म्हणणे हा केवळ आळस होय.

तिसरी गोष्ट सत्यशोधनाचे स्वातंत्र्य. १९९० साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी कॅथलिक विद्यापीठांविषयी जे धर्मपत्र काढले, त्यात अशा विद्यापीठाचा जन्म ख्रिस्तसभेच्या हृदयातून होतो असे म्हटले आहे, आणि संशोधनाच्या स्वातंत्र्यासही मान्यता दिली आहे. या दोहोंत कधी ताण पडणार नाही असे मानणे भोळेपणाचे ठरेल. वसईच्याच इतिहासाचा विषय घ्या. पोर्तुगीज काळात येथे धर्मप्रसार कोणत्या मार्गांनी झाला, देवळांचे काय झाले, याचे संशोधन ख्रिस्ती विद्यापीठाच्या कागदपत्रांतून, ख्रिस्ती प्राध्यापकांच्या देखरेखीखाली, हिंदु विद्यार्थ्याने निर्भयपणे करावे, आणि त्याचा निष्कर्ष गोड असो वा कडू, तो छापला जावा. असे घडेल त्या दिवशी ते विद्यापीठ या नावास पात्र होईल. जी श्रद्धा पुराव्यास भिते ती विद्यापीठ चालवू शकत नाही.

यावर व्यवहारी गृहस्थ म्हणतील, की हे सर्व ठीक. पण पैसा कोठून यावा? विहिरींची नोंद आणि बोलींचा कोश यांवर शुल्क देणारे विद्यार्थी मिळत नाहीत. ते मिळतात संगणक आणि व्यवस्थापन यांच्या वर्गांस. हा आक्षेप खरा आहे, आणि येथेच ध्येयाची परीक्षा आहे. धंदेशिक्षणाचे वर्ग अवश्य असावेत. गरीब घरातील मुलाला पदवीनंतर नोकरी हवी असते, आणि त्याच्या गरजेस तुच्छ लेखणे हे पोट भरलेल्यांचे लक्षण आहे. मात्र त्या वर्गांच्या मिळकतीतून दुसऱ्या वर्गांचे पोषण व्हावे. ज्याची देण्याची ऐपत आहे त्याने द्यावे, ज्याची नाही त्याने श्रम करून शिकावे, आणि एकही हुशार मूल शुल्कापायी परत जाऊ नये. हे जर होणार नसेल, आणि भिंतीवरचा क्रूस हाच काय तो त्या विद्यापीठाचा ख्रिस्तीपणा राहणार असेल, तर तसे विद्यापीठ न निघालेले बरे. बाजारात आणखी एक दुकान उघडण्यासाठी संताचे नाव वापरण्याचे कारण नाही.

एवढे मोठे कार्य कोणा एका पिढीच्या हातून होत नसते. फ्रान्सिस झेवियर १५४९ साली जपानला पोहोचला, तेव्हा तेथील विद्यापीठांची वार्ता ऐकून त्याने युरोपास कळविली, आणि राजधानी मियाको, म्हणजे आजचे क्योटो, गाठण्याची इच्छा धरली. जपानात ख्रिस्ती विद्यापीठ व्हावे हे स्वप्न त्याच्या नावाशी जोडले गेले. तो गेला, पुढे गोन्सालो गार्सिया त्या भूमीवर मारला गेला, ख्रिस्ती धर्मावर तेथे दोन शतकांहून अधिक बंदी राहिली. आणि १९१३ साली येशूसंघाने टोकियो येथे सोफिया विद्यापीठाचा आरंभ केला. जपानची पुष्कळशी मुले तेथे शिकून गेली, आणि त्यांतील बहुतेक ख्रिस्ती नव्हती. साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ ती आकांक्षा वाट पाहत राहिली, आणि पुरी झाली तेव्हा एका राष्ट्राच्या सेवेच्या रूपाने झाली.

वसईस घाई करण्याचे कारण नाही. परंतु आरंभासाठी सनदेची वाट पाहण्याचेही कारण नाही. बोलींचे शब्द आज टिपता येतात, कारण ते बोलणाऱ्या वृद्ध स्त्रिया आज हयात आहेत. विहिरींचे पाणी आज मोजता येते, कारण काही विहिरी अद्याप बुजावयाच्या आहेत. शाळेतील शिक्षक, महाविद्यालयातील प्राध्यापक आणि चर्चमधील धर्मगुरू यांनी एवढे जरी हाती घेतले, तरी विद्यापीठाचे काम सुरू झाले असे समजावे. पदवी देण्याचा अधिकार कायद्याने मिळेल तेव्हा मिळेल. विद्येचा जाब लोकांस देण्याचा अधिकार मात्र कोणाकडे मागावा लागत नाही.